हौदातले मासे, तळघरातले मासे

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझ्या बरोबरीचे विद्यार्थी आज शिक्षक, वकील, डॉक्टर, अधिकारी आहेत. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मी गेली अनेक वर्षे कॅनडातील टोरांटो शहरात हिशेबनिसाचे काम करतो आणि दर हिवाळ्यात घराच्या तळघरात मासे सांभाळतो. पहिल्या गोष्टीत वाचकांना रस वाटण्याचे कारण नाही. दुसरीविषयी मात्र लिहावेसे वाटते, कारण तिची सुरुवात आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागील हौदापाशी झाली आहे.

जुन्या विद्यार्थ्यांना तो दगडी हौद आठवत असेल. पावसाळ्याच्या तोंडी हिवताप विभागाचा कर्मचारी प्लॅस्टिकच्या पिशवीतून गप्पी मासे आणून त्यात सोडत असे. डासांच्या अळ्या खाणे हे त्या माशांचे काम, आणि हौदाच्या काठावर वाकून त्यांना पाहणे हा आमचा विरंगुळा. सातवीत असताना एका संध्याकाळी पंगतीत उरलेला भात मी त्या हौदात टाकला. मूठभर नव्हे, अर्धे पातेले. मासे उपाशी आहेत असे मला मनापासून वाटले होते. दुष्काळी गावातून आलेल्या मुलाला सगळे जगच उपाशी वाटते. दोन दिवसांत पाण्याला आंबूस वास सुटला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडीत होते. काही उलटे तरंगत होते.

अधीक्षक गुरुजींनी कोणावर हात उगारला नाही. "भात कोणी टाकला?" एवढे एकदाच विचारले. कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही. मग त्यांनी साऱ्या वर्गाच्या हाती बादल्या दिल्या. हौदाचे निम्मे पाणी उपसून झाडांना घालायचे आणि विहिरीचे नवे पाणी उंचावरून, धार धरून ओतायचे. "उंचावरून ओता रे, पाण्यात हवा मिसळू द्या," असे ते पुनःपुन्हा सांगत होते. त्या वर्षी पाऊस ओढ देऊन बसला होता, विहीर खोल गेली होती. चाळीस मुले दुपारपर्यंत पाणी शेंदत होती. निम्मे मासे वाचले. संध्याकाळी माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या मित्राच्या तळहातावर दोराने सोलून निघाल्याची लाल रेघ होती, ती मला अजून दिसते.

२०१२ च्या उन्हाळ्यात आम्ही टोरांटोच्या पूर्वेकडील स्कारबरो भागात एक जुने घर घेतले. विकणारे एक वृद्ध इटालियन गृहस्थ होते. पत्नीच्या निधनानंतर ते मुलीकडे राहायला निघाले होते. परसात त्यांनी स्वतःच्या हाताने खणलेले एक लहानसे तळे होते, दीड फूट खोल. त्यात अकरा गोल्डफिश होते; नऊ नारंगी, दोन पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके असलेले. किल्ल्या हाती देताना ते म्हणाले, "ऑक्टोबरात यांना आत घ्या." मग तळघरात नेऊन त्यांनी गुरांना पाणी पाजतात तसली मोठी प्लॅस्टिकची टाकी, पंप आणि स्पंजाचा फिल्टर दाखवला. घराच्या छपराविषयी ते जेवढे बोलले नव्हते तेवढे माशांविषयी बोलले. मी मान डोलावीत होतो, ऐकत नव्हतो.

मासे आत घ्यावेच का लागतात, हा प्रश्न साहजिक आहे. खोल तळ्यात गोल्डफिश बर्फाखालीही हिवाळा काढतात. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला, त्यामुळे वर बर्फ जमला तरी तळाशी तेवढी ऊब राहते. मासे तिथे जवळजवळ निश्चल पडून राहतात. दीड फुटाच्या तळ्यात मात्र असा सुरक्षित तळच उरत नाही. शिवाय बर्फाचे झाकण पडले की कुजणाऱ्या पानांतून निघणारे वायू आतच कोंडतात आणि प्राणवायू सरत जातो. गोल्डफिश आणि त्याचा भाऊबंद क्रुशियन कार्प यांना प्राणवायूविनाही काही काळ जगता येते. शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे ते मद्यार्कात रूपांतर करतात आणि तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. ऑस्लो आणि लिव्हरपूल येथील संशोधकांनी २०१७ मध्ये या क्रियेमागील यंत्रणा उलगडली. वसतिगृहात रोज पाचवे शील म्हटलेल्या मला ते वाचून हसू आवरले नाही.

पहिल्या वर्षी मी मासे आत घेतले ते आपल्या मते चोख तयारी करून. टाकी घासूनपुसून लख्ख केली. फिल्टरमधला काळपट, बुळबुळीत स्पंज नळाच्या धारेखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. पाणी रात्रभर उघडे ठेवले, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. मासे आले, पोहू लागले, आणि पत्नी व मुलगी कौतुकाने दिवसातून चारदा खाणे घालू लागल्या. पाणी काचेसारखे नितळ होते. दहाव्या दिवशी पहिला मासा मेला. तीन आठवड्यांत पाच गेले.

कारण कळले ते नंतर. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतात, आणि तो त्यांनाच विषारी असतो. स्पंजावरचा तो बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हती. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू त्यात वस्ती करून होते. ती वस्ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहूनही अधिक. नायट्राइट रक्तात गेले की रक्त तपकिरी होते आणि प्राणवायू वाहून नेण्याची त्याची शक्ती घटते. त्यातच टोरांटोच्या नळाच्या पाण्यात नुसते क्लोरीन नसून क्लोरामाइन असते, आणि ते रात्रभर उघडे ठेवून उडून जात नाही. तेव्हा जी वस्ती मी पिळून काढली नसती, तिलाही माझे पाणी बाधलेच असते.

जानेवारीत त्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. "मासे कसे आहेत?" "छान आहेत," मी म्हणालो. पुढच्या महिन्यात पुन्हा आला. पुन्हा तेच उत्तर. पत्नी स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "अहो, त्यांना खरे का सांगत नाही?" मी विषय बदलला.

पुढच्या शरदात मात्र मी शिकून घेतले. तळ्याचे पाणी १२ अंशांच्या आसपास उतरले, पहिले हिम पडायला अवकाश होता, तेव्हाच मासे आत घेतले. टाकी निम्मी तळ्याच्याच पाण्याने भरली. स्पंज तळ्यातून काढून ओला असतानाच टाकीत लावला. झटकायचा झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नव्या पाण्यात क्लोरीन व क्लोरामाइन मारणारे औषध घातल्याशिवाय एक तांब्याही ओतला नाही. टाकी ठेवली ती घर तापवणाऱ्या भट्टीपासून दूर, तळघराच्या थंड कोपऱ्यात, कारण माशांना उबेपेक्षा स्थिर तापमान हवे असते. एका दिवसात एकदोन अंशांहून अधिक फरक त्यांना सोसत नाही. वर जाळी बांधली. नव्या जागी आलेला मासा हमखास उडी मारतो. दर रविवारी पाव हिस्सा पाणी बदलले, आणि अमोनिया व नायट्राइट मोजण्याच्या नळ्या मिठाच्या बरणीशेजारी ठेवल्या. ते मीठही उपयोगी असते. लिटरमागे एक ग्रॅम साधे, आयोडीन नसलेले मीठ घातले की नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरण्याला अडथळा होतो.

सर्वांत कठीण गेले ते खाणे कमी करणे. माशाचे रक्त पाण्याइतकेच थंड असते. पाणी गार झाले की पचन मंदावते, आणि १० अंशांखाली तर खाणे बंदच करावे लागते. आमच्या तळघरात पाणी १४-१५ अंशांवर राहते, तेव्हा दोन दिवसांतून एकदा, दोनतीन मिनिटांत संपेल एवढेच खाणे, तेही गव्हाच्या अंकुराचे, पचायला हलके. मासे काचेसारख्या डोळ्यांनी वर पाहत राहतात आणि मुलगी म्हणते, "बाबा, त्यांना भूक लागली आहे." त्या वेळी मला अर्धे पातेले भात आठवतो.

त्याच वर्षी, २०१३ च्या डिसेंबरात, २१ आणि २२ तारखांना शहरावर ते हिमवादळ आले. पाऊस पडता पडताच गोठत होता. फांद्या काचेच्या झाल्यासारख्या वाकून तारांवर कोसळत होत्या. शहरातील लाखो लोक अंधारात गेले. आमची वीज तीन दिवस नव्हती. भट्टीचा पंखा विजेवर चालणारा, त्यामुळे घर निवत गेले. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत ९ अंश होते. पंप बंद, हवेचे बुडबुडे बंद. मी मेणबत्ती घेऊन खाली गेलो आणि काय करावे हे सुचायच्या आधीच हातात तांब्या आला होता. टाकीतलेच पाणी घ्यायचे आणि हात उंच करून धार सोडायची. अर्ध्या तासाने पुन्हा. पत्नी, मुलगी आणि मी, तिघांनी पाळ्या लावल्या. स्पंजावरचे जीवाणूही हवेवाचून मरतात, म्हणून तो फिल्टरमधून सोडवून धारेखाली तरंगत ठेवला. खाणे पूर्ण बंद.

पुढे शांतपणे आकडे पाहिले तेव्हा ध्यानात आले की इतकी धडपड कदाचित लागलीही नसती. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, १० अंशांच्या पाण्यात ११ हून अधिक. आणि गार माशाला तो लागतोही कमी. जी थंडी आम्हाला कुडकुडवीत होती तीच माशांना सांभाळीत होती. पण त्या रात्री हे कोणाला ठाऊक होते? सहाही मासे वाचले.

मेच्या मध्यात तळ्याचे पाणी १२ अंशांच्या वर स्थिरावले, तेव्हा मासे बाहेर सोडले. त्या रविवारी मी स्वतःच फोन करून वृद्ध गृहस्थांना बोलावले. ते मुलीबरोबर आले, चाकांच्या आधाराने चालत. तळ्याकाठी बसून त्यांनी बोटाने मोजले. सहा. पुन्हा मोजले. मी सांगितले, स्पंज नळाखाली धुतला, पाच मेले, आणि फोनवर मी खोटे बोललो. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ठिपकेवाला एक माझ्या पत्नीने निवडून आणला होता." दोन ठिपकेवाल्यांपैकी एकच उरला होता. तो तिचा होता की दुसरा, हे त्यांना ओळखता येईना. जाताना त्यांनी काठाशी एक फळी आडवी टाकायला सांगितली. रॅकून रात्री हात घालतात. ती फळी अजून तिथे आहे.

गुरुजी आता हयात नाहीत. ज्या चाळीस जणांनी त्या दिवशी पाणी शेंदले, त्यांच्यापैकी काहींच्या हाती ही स्मरणिका पडेल. भात मी टाकला होता. ज्याच्या हातावर रेघ उमटली होती, त्याने हे वाचले तर मला जरूर कळवावे.

सहापैकी चार मासे आजही आहेत. हे लिहीत असताना ते खाली तळघरात आहेत. पाणी १४ अंश, अमोनिया शून्य. उद्या रविवार, पाव टाकी पाणी बदलायचे आहे.