मायदेशी परतलेला वैमानिक

पोलंडचे सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक जनरल स्तानिस्वाफ स्काल्स्की १२ नोव्हेंबर २००४ रोजी वॉर्सात वारले. युद्धकथांच्या पुस्तकांत त्यांचं नाव येतं ते एका आकड्याला धरून. पाडलेली विमानं १८ आणि ११/१२. एखादं विमान दोघातिघांनी मिळून पाडलं, तर श्रेय वाटून दिलं जाई. युद्धानंतर पोलिश हवाई दलाने असा काटेकोर हिशोब लावला, त्यातून हा अपूर्णांक आला. पुढच्या काही अभ्यासकांनी आकडा आणखी वर नेला आहे. त्या वादात मला शिरायचं नाही. स्काल्स्कींपुढे मान लवते ती त्यांनी १९४७ साली जे केलं त्यासाठी आणि त्याची जी किंमत मोजली त्यासाठी.

त्यांचा जन्म १९१५चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या कोडिमा गावचा. देंब्लिनच्या हवाई दल प्रबोधिनीतून १९३८ साली बाहेर पडून ते तोरुनच्या १४२व्या लढाऊ तुकडीत दाखल झाले. वर्षभरातच युद्ध दारात आलं. १ सप्टेंबर १९३९, म्हणजे युद्धाचा पहिलाच दिवस. जर्मन सैन्यासाठी टेहळणी करणारं एक हेन्शेल विमान पोलिश वैमानिकांनी गोळ्या घालून खाली आणलं. हल्ला करणाऱ्यांत स्काल्स्की होते. वरून एक घिरटी घालून त्यांनी निघून जायला हवं होतं. त्यांनी आपलं पी-११ विमान त्या पडलेल्या विमानाजवळच उतरवलं. उघडं कॉकपिट, न मिटणारी चाकं असलेलं ते जुन्या घडणीचं विमान. वेगात जर्मन मेसरश्मिटच्या जवळपासही न जाणारं, पण मोकळ्या रानात उतरू शकणारं. आतले दोन्ही जर्मन जखमी होते. तेवीस वर्षांच्या या पोराने त्यांची मलमपट्टी केली आणि त्यांच्याकडचे नकाशे ताब्यात घेतले. शत्रूची जखम बांधायची आणि कर्तव्यही सोडायचं नाही, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी सुचलं. त्या दोघांपैकी वैमानिकाला स्काल्स्की पन्नास वर्षं उलटून गेल्यावर, १९९० साली, पुन्हा भेटले.

१७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजाही घुसल्या आणि पोलंड दोन्हीकडून चेपलं गेलं. शेकडो वैमानिक रुमानियाची हद्द ओलांडून निसटले. स्काल्स्की बैरुतमार्गे फ्रान्स आणि तिथून जानेवारी १९४० मध्ये इंग्लंडला पोचले. नव्या विमानांशी जुळवून घेणं सोपं नव्हतं. वेग किलोमीटरऐवजी मैलांत, हुकूम इंग्रजीत. ज्यांनी आजवर न मिटणाऱ्या चाकांची विमानं उडवली, त्यांच्यातले काहीजण उतरताना चाकं खाली करायचीच विसरत आणि विमान पोटावर घासत थांबे. इंग्रज अधिकाऱ्यांना आधी या हरलेल्या देशाच्या वैमानिकांचा भरवसा वाटत नव्हता. ऑगस्ट उजाडला, जर्मन हवाई हल्ल्यांपुढे वैमानिक कमी पडू लागले, आणि मत बदललं. ब्रिटनच्या आकाशातल्या त्या लढाईत १४५ पोलिश वैमानिक उतरले. शत्रूच्या अगदी जवळ जाऊन मगच गोळीबार करायचा, ही त्यांची सवय पुढे वाखाणली गेली.

स्काल्स्की ब्रिटिश हवाई दलाच्या ५०१ स्क्वाड्रनमध्ये हरिकेन उडवत होते. ५ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचंच विमान पेटलं. हवाई छत्रीने उतरले, पण अंग चांगलंच भाजलं होतं. सहा आठवडे इस्पितळात काढले आणि ऑक्टोबरअखेर पुन्हा तुकडीत रुजू झाले.

पुढची चार वर्षं भराभर सांगता येतील, कारण तीच सर्वत्र छापलेली आहेत. १९४३च्या वसंतात ट्युनिशियात निवडक पोलिश वैमानिकांची एक छोटी तुकडी स्पिटफायर घेऊन लढली. तिला लोक ‘स्काल्स्कीची सर्कस’ म्हणू लागले. त्यानंतर ६०१ स्क्वाड्रनची धुरा त्यांच्याकडे आली. ब्रिटिश स्क्वाड्रनचं नेतृत्व करणारे ते पहिले पोलिश. १९४४मध्ये मस्टँग विमानांचा अख्खा पोलिश विंग त्यांच्या हाताखाली होता.

युद्ध जिंकलं, पण पोलंड सोव्हिएतांच्या पंखाखाली गेलं. जुलै १९४५मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. जून १९४६च्या लंडनच्या विजय संचलनात पोलिश सैन्याला स्थान नव्हतं. ३०३ स्क्वाड्रनच्या पोलिश वैमानिकांना तेवढं बोलावणं गेलं, आणि बाकीच्यांना वगळल्यामुळे त्यांनी ते नाकारलं. आता जायचं कुठे, हा प्रश्न जगभर विखुरलेल्या प्रत्येक पोलिश माणसापुढे उभा होता. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. कितीतरी घरांतले पुरुष पोलिश सैन्यात होते. १९४८पर्यंत ती छावणी रिकामी झाली. बरेचजण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडे वळले, कारण त्यांची मूळ गावं आता सोव्हिएत हद्दीत होती.

स्काल्स्की परत गेले. १९४७मध्ये त्यांनी पोलंड गाठलं आणि हवाई दलात नोकरी धरली. छातीवर ब्रिटिश पदकं असलेला माणूस नव्या राजवटीला खुपणारच होता. १९४८च्या जूनमध्ये गुप्त पोलिसांनी त्यांना उचललं, आरोप पाश्चात्त्यांसाठी हेरगिरीचा. चौकशीच्या नावाखाली अतोनात छळ झाला. १९५०च्या एप्रिलमध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. दयेचा अर्ज करायला त्यांनी नकार दिला. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायची कशी? अर्ज केला तो त्यांच्या आईने, राष्ट्राध्यक्ष बोलेस्वाफ बिएरुत यांच्याकडे, आणि फाशीची जन्मठेप झाली. स्टालिनयुग सरल्यावर १९५६ साली ते निर्दोष म्हणून सुटले.

आठ वर्षं गजांआड काढून आलेला माणूस पुन्हा त्याच हवाई दलाचा गणवेश चढवतो, आणि पुढल्याच वर्षी सप्टेंबर १९३९च्या लढाईवर पुस्तक लिहितो, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. कडवटपणाचा पूर्ण हक्क त्यांना होता. १९८८मध्ये ते ब्रिगेडियर जनरल झाले. उतारवयात राजकारणातही पडले. तिथे त्यांनी निवडलेली बाजू अनेक चाहत्यांना रुचली नाही, मलाही रुचत नाही. त्याने आधीच्या आयुष्याला उणेपण येत नाही.

परतलेले सगळे वाचले नाहीत. ३०५ बॉम्बर स्क्वाड्रनमधून लढलेले, जर्मनांच्या कैदेत राहिलेले कर्नल श्चेपान श्चिबोर मायदेशी येऊन देंब्लिनच्या त्याच प्रबोधिनीचे प्रमुख झाले. ७ ऑगस्ट १९५२ रोजी वॉर्साच्या मोकोतुफ तुरुंगात इतर हवाई दल अधिकाऱ्यांसह त्यांना ठार करण्यात आलं. त्या तुरुंगात मारलेल्या अनेकांना पोवाँझ्कीच्या लष्करी दफनभूमीच्या कडेला गुपचूप पुरलं जाई, नावाशिवाय. २०१२पासून तिथे उत्खनन सुरू झालं आणि नातेवाइकांच्या डीएनएवरून एकेकाची ओळख पटू लागली. स्काल्स्कींची समाधी त्याच दफनभूमीत आहे, नाव आणि हुद्दा कोरलेली. त्यांना वाहिलेली श्रद्धांजली श्चिबोर आणि त्यांच्यासोबत गेलेल्या अधिकाऱ्यांनाही पोचावी.