रायबागन : माहूरची देशमुखीण

इतिहासात रायबागन या नावाने ओळखली जाणारी सावित्रीबाई ही सतराव्या शतकातील माहूरची देशमुखीण. तिचे सासर उदारामांचे. हे देशस्थ ब्राह्मण घराणे आधी निजामशाहीच्या चाकरीत होते, जहांगीरच्या काळात ते मोगलांकडे गेले आणि मनसबदार झाले. आज नांदेड जिल्ह्यात असलेले माहूर तेव्हा वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते.

वैधव्य आल्यावर तिने घर सांभाळले, असे एका वाक्यात लिहून लोक मोकळे होतात. ते घर साधे नव्हते. देशमुखी म्हणजे परगण्याचा वसूल. पाटलांकडून सारा उभा करायचा, सरकारचा भरणा करायचा, वतनाचा हक्क राखायचा आणि भाऊबंदांना दारातच अडवायचे. त्यावर मनसब असल्यामुळे ठरलेले स्वार घोड्यांसह हजर ठेवणे आले. पैनगंगेकाठच्या त्या डोंगराळ, सागवानी मुलखात बाईने हे सारे चालवले, फौजेच्या पुढे राहून लढायाही केल्या. औरंगजेबाने तिला ‘रायबागन’, म्हणजे राजव्याघ्री, हा किताब दिला तो याच पराक्रमासाठी.

एवढ्या आयुष्यातून लोकांच्या लक्षात राहिली ती एकच घटना, आणि तीही पराभवाची. मोगल सुभेदार शाइस्ताखानाचा तळ पुण्यात पडला होता. कोकण जिंकण्यासाठी त्याने १६६१च्या आरंभी कारतलबखान या उझबेग सरदाराला पाठवले. रायबागन त्याच्या फौजेत होती. लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून ही फौज तुंगारण्यात, अंबा नदीच्या खोऱ्यातल्या उंबरखिंडीत शिरली. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना गच्च रान. शिवाजी महाराजांनी फौजेला आत येऊ दिले आणि मग पुढचे-मागचे तोंड बंद केले. रानात वारा नाही, प्यायला पाणी नाही, आणि झाडीतून बाणांचा व गोळ्यांचा मारा. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या प्रसंगी रायबागन बोलते. या रानात शिरण्यातच चूक झाली, असे ती खानाला फटकारते आणि शरण जायला सांगते. खानाने वकील पाठवला, खंडणी कबूल केली, सामानसुमान तिथेच टाकले. महाराजांनी फौजेला जाऊ दिले.

परमानंद महाराजांचा कवी. त्यामुळे बाईच्या तोंडचे शब्द त्याचे, आणि त्या शब्दांतून थोरवी उजळते ती महाराजांची. वतन राखणाऱ्या, फौज पोसणाऱ्या बाईला शत्रूच्या स्तुतीपुरते उभे करावे, हे खटकण्याजोगे आहे. पण तिची पत कळते तीही याच प्रसंगातून. मोगली सेनापती सगळ्यांदेखत एका देशमुखिणीचा सल्ला मानतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. स्वतःच्या किताबाला जपत ती ‘लढा’ म्हणाली असती, तर तिच्यासोबत आलेले स्वार त्या खिंडीतून परतले नसते. म्हणजे या घटनेला तिची नामुष्की म्हणता येत नाही. उलट, तिच्या कारभारातले हेच सर्वांत शहाणपणाचे काम ठरावे.

त्याच शतकात जिजाबाईंनी पुण्याची जहागीर पाहिली होती. दोघींच्या डोक्यावरचा भार बराचसा सारखा: दूर असलेला किंवा गमावलेला नवरा, सांभाळायचे वतन, भोवती टपलेले भाऊबंद. जिजाबाईंचे चरित्र घरोघरी पोचले, माहूरच्या बाईचे पोचले नाही. ती मोगलांच्या बाजूने लढली, हे त्याचे उघड कारण. पण वतनदार घराणी तेव्हा वतन राखील त्या सत्तेकडे वळत. खुद्द शहाजीराजांनी निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशी तिन्ही ठिकाणी चाकरी केली. उदारामांना वेगळा न्याय लावायचे कारण नाही. माहूरला येणारे भाविक रेणुकामातेचे दर्शन घेतात, दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर चढतात. वाटाड्याने किल्ला दाखवताना या देशमुखिणीचेही नाव घ्यायला हरकत नसावी.

उंबरखिंडीनंतर महाराज दक्षिण कोकणात दाभोळ, संगमेश्वर, शृंगारपूर या बाजूला वळले. खोपोलीजवळच्या चावणी गावापाशी आज त्या लढाईचे विजयस्मारक आहे.