फिरत्या घराची छत्री

मी शिरपूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. झालेली, त्यात विज्ञान शिकवणारी. त्यामुळे खानदानात कोणाला मोबाईल घ्यायचा असो की इन्व्हर्टरला बॅटरी जोडायची असो, आधी मला विचारले जाते. असाच एक प्रश्न २०२४ च्या दिवाळीत माझ्या मामेभावाने आणला. "आपा, तुम मास्टरनी है, तुमच बताव. गाडी पे कौनसी छत्री लेनेकी?"

छत्री म्हणजे डिश अँटेना. आणि गाडी म्हणजे त्याचे घर.

आमच्या मामूंचा धंदा पाळण्यांचा. आकाशपाळणा, लहान मुलांची मिकी माऊसची घसरगुंडी, गोल फिरणारे घोडे. दिवाळी झाली की सामान ट्रकवर चढते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येते. मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, पौषात चंदनपुरीचा खंडोबा, महाशिवरात्रीला मुक्ताईनगर, चैत्रात धुळ्याची एकवीरादेवी, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा. मध्ये कुठे उरूस लागला तर तोही. देवाच्या यात्रेत आमच्या मामूंची रोटी पिकते आणि पिरांच्या उरुसात शेजारच्या खेळणीवाल्या भाऊंची. यावर कोणी भाषण केलेले मी ऐकले नाही. सगळे आपापले खिळे ठोकत असतात.

या प्रवासात एक जुना ट्रक राहण्यासाठी असतो. मागच्या हौद्याला फळ्या मारून खोली केली आहे. वर झोपण्याचा माचा, खाली पेट्या, कोपऱ्यात गॅस, दाराला पडदा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा वर्तमानपत्रात पलंग, स्वयंपाकघर आणि टीव्ही असलेल्या गाडीचा फोटो आला होता. मामूंना दाखवला. ते म्हणाले, "बेटा, इसमें हम तीस साल से रह रहे." फरक एवढाच की त्या गाडीतले लोक घर सोडून फिरायला निघतात, आणि हे लोक पोटासाठी घरच घेऊन निघतात.

टीव्हीची मागणी भावजयीची होती. दिवसभर धूळ, संध्याकाळी भोंगे, रात्री बारानंतर जेवण. मधले रिकामे दिवस तर जाता जात नाहीत. तिचे म्हणणे मला पटत होते. पण त्या मागणीला एक दुसरी बाजू होती. त्यांची मुलगी आमच्याच शाळेच्या प्राथमिक विभागात चौथीत होती. आधीच्या वर्षी ती नानीकडे राहिली आणि शाळेत आली. यंदा नानीचे गुडघे गेले, आणि आईला मुलगी जवळ हवी होती. भाऊ म्हणाला, "अब तो टीवी पे भी स्कूल आती है ना आपा? छत्री बराबर लगी तो पढाई गाडी मेंच हो जायेगी."

म्हणजे मला नुसती छत्री निवडायची नव्हती. छत्री जितकी चांगली निघेल, तितकी मुलगी शाळेतून लांब जाणार होती. हे मी भावाला स्पष्ट सांगितले. तो हसला. "तुम छत्री तो बताव, बाकी बाद में देखेंगे."

तेव्हा आधी छत्रीचेच सांगते. अशा फिरत्या घरात राहणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

पहिला पर्याय, छत्री ट्रकच्या टपावर पक्की बसवणे. दिसायला सोपे, पण छत्रीचे तोंड उपग्रहाकडे असावे लागते. ट्रक प्रत्येक गावी वेगळ्या बाजूला तोंड करून उभा राहतो. शिवाय रस्त्यात वडाच्या फांद्या, खाली आलेल्या तारा आणि हादरे. दुसरा पर्याय, परदेशी मोटारघरांवर असते तशी घुमटाची अँटेना. ती बटण दाबताच स्वतः उपग्रह शोधते. तिची किंमत लाखाच्या घरात. त्या पैशात मामू आणखी एक लहान पाळणा घेतील. तिसरा पर्याय, साधी दोन फुटी छत्री जमिनीवर तिपाईवर ठेवायची, वायरने ट्रकमध्ये जोडायची आणि निघताना काढून ठेवायची. आम्ही हाच घेतला. पाळण्याच्या जुन्या पाइपांतून वेल्डिंगवाल्याने तिपाई करून दिली. वाऱ्याने पडू नये म्हणून तिच्या मधोमध वाळूची गोणी टांगायला हूक ठेवला.

मग कोणाची सेवा घ्यायची? महिन्याला पैसे भरायच्या कंपन्या पुष्कळ. पण पाळण्याची कमाई महिन्याने येत नाही, यात्रेने येते. पैसे संपले की टीव्ही बंद. म्हणून दूरदर्शनची डीडी फ्री डिश घेतली. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. एकदा छत्री आणि डबा घेतला की दरमहा काही द्यावे लागत नाही.

भावाने मध्येच विचारले, मोबाईल असताना छत्री कशाला? प्रश्न बरोबर होता. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि पाळण्याखाली बसलेला तिकीटवालासुद्धा सिनेमा पाहू लागला. पण ऐन यात्रेत लाखभर लोक एका माळावर जमले की नेटवर्क गुदमरते. उपग्रहाला गर्दीचे काही नाही. एक छत्री पाहो की लाख पाहोत, वरून येणारे सारखेच. आणि मोबाईल एकाच्या हातात असतो. टीव्ही सगळ्यांसमोर असतो. दहा वर्षांची मुलगी काय पाहते हे आईला दिसावे, एवढे तरी त्यात आहे.

विजेचा विचार वेगळा करावा लागला. यात्रेतला जनरेटर संध्याकाळी चालू होतो आणि पाळणा ओढ घेऊ लागला की व्होल्टेज नाचते. म्हणून बारा व्होल्टवर चालणारा चोवीस इंची टीव्ही घेतला. टीव्ही आणि डबा मिळून चाळीसेक वॅट खातात, म्हणजे साडेतीन अँपिअर. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी चौदा तास निघतात. ट्रकच्या दोन बॅटऱ्या मिळून चोवीस व्होल्ट असतात. त्यांतल्या एकीवरूनच वीज घेतली तर दोघींचा तोल बिघडतो आणि सकाळी ट्रक सुरू होत नाही. म्हणून टीव्हीची बॅटरी स्वतंत्र.

छत्री लावायची विद्या शिकवायला मी स्वतः सारंगखेड्याला गेले. दत्तजयंती १४ डिसेंबरला होती. त्याआधीच तापीकाठी घोड्यांचा बाजार भरला होता. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह २०१५ साली सोडलेला. तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. आपल्या खानदेशातून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून सुमारे सत्तावन्न अंश उंच. दोन फुटी छत्रीचे तोंड दोन अंश जरी चुकले तरी चित्र फुटू लागते किंवा जाते.

मोबाईलमधले होकायंत्र काढले, तर ते भलतीकडेच दाखवू लागले. सगळीकडे लोखंड! ट्रक, पाळणा, पाइप. लोखंडाजवळ होकायंत्राचा भरवसा नाही. मामू शांतपणे म्हणाले, "किब्ला मेरेको मालूम है." नवीन माळावर उतरले की ते आधी सूर्य पाहून नमाजाची दिशा ठरवतात. तीस वर्षांची सवय. मी हिशेब केला. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. किब्ल्याकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या खांद्याच्या मागे आग्नेय येते. मामूंनी जानमाज अंथरली, मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे तिपाई ठेवली. हिवाळ्यात सकाळी साडेनऊ-दहाला सूर्यही त्याच बाजूला असतो, उपग्रह त्याहून उंच. एवढी खूण पुरते. पुढचे बोटभर सरकवणे.

चित्र आले आणि लगेच थरथरू लागले. समोर आमचाच पाळणा! त्याचे आरे फिरताना आड येत होते. पन्नास फुटी पाळणा आग्नेयेला असेल तर छत्री त्याच्यापासून पस्तीस फुटांहून लांब हवी, नाहीतर दुसऱ्या अंगाला. तिपाई ट्रकच्या पलीकडे नेली आणि चित्र ठरले.

हे सगळे ती मुलगी पाहत होती. तिला मी डब्याच्या पडद्यावरच्या दोन पट्ट्या दाखवल्या. एक सिग्नलची ताकद, एक गुणवत्ता. ताकदीची पट्टी छत्री आकाशात कुठेही वळवली तरी भरलेली दिसते. गुणवत्तेची पट्टी मात्र नेमकी दिशा मिळाल्याशिवाय हलत नाही. म्हणून पहिलीकडे पाहून खूश व्हायचे नाही. हे सांगताना मला आमच्या शाळेचा हजेरीपट आठवला.

टीव्हीवरच्या शाळेबद्दल भाऊ खोटे बोलत नव्हता. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात पीएम ई-विद्या योजनेत पहिली ते बारावीसाठी प्रत्येक इयत्तेला एक अशा बारा वाहिन्या जाहीर झाल्या आणि त्या फ्री डिशवर दिसू लागल्या. त्याहून जुनी गोष्ट आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. तेव्हा खेड्यात जाळीची मोठी छत्री आली ती शिक्षणासाठी. मालिका नंतर आल्या.

पण मी रोज वर्गात उभी राहते. टीव्हीवरच्या गुरुजींना समोरचे मूल जांभई देताना दिसत नाही. वजाबाकीत हातचा कुठे चुकला, हे ते थांबून विचारत नाहीत. त्यातून आमच्या मुलीची भाषा. तिथले धडे बहुतेक हिंदी किंवा इंग्रजीत. ऐकून तिला समजते, मराठीच्या तासामुळे देवनागरीही वाचता येते, पण उर्दू इमला कोण घेणार? नून आणि नून-गुन्ना यांतला फरक छत्रीतून येत नाही.

म्हणून मी अटी घातल्या. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असते. ते शाळेतून काढून दिले. ते दाखवून मुलीने जिथे मुक्काम असेल तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसायचे. मराठी तर मराठी. दुपारी टीव्हीवरचा एक धडा, आणि रात्री उर्दूचे एक पान लिहून त्याचा फोटो मला पाठवायचा. नेटवर्क गुदमरले तर दोन दिवसांनी पाठवायचा, पण लिहायचे त्याच दिवशी.

काय झाले ते सांगते. एका गावी शाळेने तिला पहिल्याच दिवशी पुस्तके दिली आणि बाईंनी तिच्याकडून उर्दूतली बाराखडी फळ्यावर लिहून घेतली. दुसऱ्या गावी आठवडाभर ती मागच्या बाकावर बसून आली, कोणी नावही विचारले नाही. टीव्हीवरचे धडे तिने पाहिले, मालिका जास्त पाहिल्या. वहीच्या पानांचे फोटो माघापर्यंत रोज येत होते, मग आठवड्याला दोन. तिचा इमला कच्चा झाला आणि मराठी वर्गातल्या पुष्कळ मुलींपेक्षा चांगले झाले. छत्री मात्र चंदनपुरीपासून तीच लावते. शेजारच्या पाळणेवाल्यांच्या दोन छत्र्याही तिनेच लावून दिल्या. मला फोनवर विचारले, "फुफी, उपग्रह हलत नाही का? प्रत्येक गावी तिथेच कसा?" मी सांगितले, तोही फिरतो. पृथ्वीला एक फेरी घ्यायला जितका वेळ लागतो तितक्यातच त्याची एक फेरी होते. म्हणून आपल्याला तो थांबलेला दिसतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तोपण आपल्यासारखाच, फिरताच."

आमच्या समाजात मुलींच्या शिक्षणावर दरवर्षी परिषदा होतात आणि ठराव होतात. त्यांत पाळणेवाले, कल्हईवाले, गाद्या पिंजणारे, विटभट्टीवर जाणारे क्वचितच असतात, कारण परिषदेच्या दिवशी ते दुसऱ्या गावी असतात. आपण शाळा बांधतो ती एका जागी, आणि मूल आले नाही की पालकांना दोष देतो. उसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहे काढली. आपल्या मोठ्या गावांत जमातखाने आहेत, रिकाम्या खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत सहा महिने दहा मुली आणि एक खाला राहू शकणार नाहीत का? ठरावापेक्षा हे स्वस्त पडेल.

मुलगी आता पाचवीत आहे. पुन्हा दिवाळी जवळ आली आहे, ट्रकचे टायर बदलून झाले आहेत. भावजय या वेळी म्हणते, टीव्ही राहू दे, पण मुलीला शाळेतच ठेवू. मामू म्हणतात, नातीशिवाय गाडी सुनी वाटते. मुलीला विचारले तर ती दोन्हीकडे मान हलवते. नानीचे गुडघे तसेच आहेत. मी माझ्या घरी तिची एक खाट लावून ठेवली आहे. छत्रीचा निर्णय एका दुपारी झाला होता. हा अजून व्हायचा आहे.