किहीमचे दोन दिवस

निवृत्त होऊन चार वर्षे झाली तरी सुटी कशी घ्यायची, हे आम्हांला येत नव्हते. शाळेला सुटी लागली की माहेर, नाहीतर कुणाचे लग्न, नाहीतर कुणाचे बाळंतपण. त्यामुळे लेकीने फोनवर सांगितले, "अम्मी, तुझं आणि बाईंचं किहीमला शनिवार-रविवारचं बुकिंग केलंय, पैसे भरलेत, ते परत मिळणार नाहीत," तेव्हा आधी रागच आला. मग 'परत मिळणार नाहीत' एवढ्या तीन शब्दांनी आम्ही तयार झालो. आमच्या पिढीला घराबाहेर काढायला तेवढे पुरते.

बाई म्हणजे आमची मैत्रीण. मुंबईच्या एका मराठी शाळेत सत्तावीस वर्षे आम्ही शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवले. आम्ही मराठी, त्या गणित. त्या रत्नागिरीकडच्या, आम्ही घाटावरच्या साताऱ्याच्या. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एकमेकींना 'बाई' म्हटले ते आजतागायत तसेच चालू आहे. 'अगं'वर कधी आलोच नाही. त्यांची शाळेतली दुसरी ओळख म्हणजे सुगरण. ईदला शीरखुर्म्याचे पातेले, एरवी सांदण, तांदळाच्या शेवया. मुख्याध्यापकांपासून शिपायांपर्यंत त्यांच्या डब्याची वाट न पाहणारा माणूस आमच्या शाळेत नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि डबाही बंद झाला.

२०२५ च्या ऑगस्टमधला पहिला शनिवार होता. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने निघालो. ही बोट २०२० साली सुरू झाली. त्याआधी पावसाळ्यात अलिबागकडे जायचे तर पेण-वडखळची वाट आणि तिथले खड्डे. आता तासाभरात मांडवा. बोटीत मोटारी खाली, माणसे वर. पाऊस तिरपा येत होता. बाईंनी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. भिजू नये म्हणून धरली असेल, असे आम्हांला वाटले.

लेकीच्या भाषेत त्या जागेचे नाव 'बुटीक रिसॉर्ट'. आमच्या गल्लीत बुटीक म्हणजे ब्लाउज शिवण्याचे दुकान. इथे त्याचा अर्थ खोल्या कमी आणि भाडे जास्त, एवढा आम्हांला कळला. सहा खोल्या, जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, नारळ, पोफळी, केळी आणि मध्ये शेवाळी रंगाच्या फरश्यांचा लहानसा तलाव. न्हाणीघराला छप्पर नाही. बाईंना वाटले वादळात उडाले असावे. ते मुद्दामच नाही, आकाशाखाली अंघोळीची मजा असते, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या आजोळी अशीच न्हाणी होती. छप्पर घालायला पैसे नव्हते म्हणून."

वहीत नावे लिहिताना तिथला तरुण व्यवस्थापक जरा थांबला आणि मग कौतुकाने म्हणाला, "तुमचं मराठी किती छान आहे!" हे वाक्य आम्ही उभ्या जन्मात किती वेळा ऐकले, त्याचा हिशेब नाही. आम्हांला पगारच मराठी शिकवण्याचा मिळत होता. पण मुलगा भला होता. मटण कुठून येते, कोण कापते, हे विचारल्यावर त्याने न अडखळता सगळे सांगितले. तरी आम्ही मासळीच सांगितली. मासळीला तो प्रश्न नाही. त्यात मासेमारीची बंदी उठून दोन दिवस झालेले, नारळी पौर्णिमा अजून पुढे. म्हणून मिळाला तो इकडचा जिताडा.

जेवणाची गोष्ट सांगायलाच हवी. स्वयंपाक करणारी ताई जवळच्याच गावची. चुलीवर भाकऱ्या करत होती. पहिली भाकरी पानात पडली आणि बाई उठल्या, पाणी आणायला. पाणी टेबलावरच होते. दुसऱ्यांदा उठल्या त्या मीठ बघायला. तिसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाल्या, "मी थापू का दोन?" ताईने पिठाचा हात तसाच वर धरला आणि म्हणाली, "तुम्ही बसा ना. गरम खा." बाई येऊन बसल्या. मग गरम भाकरी, वर जिताड्याचे कालवण, अलिबागचा पांढरा कांदा, सोलकढी. चौथी भाकरी आली तेव्हा त्यांनी ती नुसतीच हातात धरून ठेवली. म्हणाल्या, "बाई, लग्न होऊन बेचाळीस वर्षं झाली. चुलीवरची गरम भाकरी मी बसून खाल्लेली आठवत नाही. थापणारीच्या वाट्याला शेवटची येते, आणि तोवर कालवण संपलेलं असतं." आम्ही काय बोलणार? आमचेही तेच.

दुपारी अंग टाकले, पण झोप कुणाला येते? बाईंनी पलंगावरची चादर ताणून पुन्हा घातली, चहाचे कप विसळून ठेवले. शेवटी पाऊस उघडल्यावर फिरायला निघालो. कुंपणापलीकडे भाताची खाचरे आणि एका विहिरीवर वाकलेले शिंदीचे झाड. झाडाला सुगरणीची घरटी, वीसेक तरी असतील. काही पुरी झालेली, खाली लांब नळी लोंबणारी. काही अर्धवट, उलट्या टांगलेल्या टोपीसारखी. पिवळ्या डोक्याचे नर भाताच्या पात्याच्या चिंध्या चोचीत धरून येत होते आणि अर्ध्या घरट्याला लटकून पंख फडफडवत ओरडत होते.

आम्ही तिथेच खिळलो, कारण किहीम म्हटल्यावर आठवायला हवे होते ते आत्ता आठवले. डॉ. सालिम अली! १९३० साली जर्मनीहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले, तर म्युझियममधली त्यांची नोकरी पैशाअभावी बंद झालेली. तिशी उलटलेला, लग्न झालेला, बेकार माणूस. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पत्नी तहमीना यांच्यासह ते या किहीमला, आप्तांच्या समुद्राकाठच्या घरात येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते तिच्यासमोर बसून राहिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले असेल, मुलगा वाया गेला. पण त्या बसण्यातून जे निघाले ते त्याआधी कुणी नीट पाहिलेच नव्हते. पुढच्या वर्षी ते छापून आले आणि सालिम अलींचे नाव झाले.

त्यांना दिसले ते असे. घरटे विणतो तो नर. अर्धे झाले, टोपीएवढे, की तो थांबतो आणि माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून पाहते. पसंत पडले तर राहते. मग नर उरलेले घरटे आणि नळी पुरी करतो. नाही पडले तर ती सरळ उडून जाते आणि ते घरटे तसेच लोंबकळत राहते. एक मादी अंड्यांवर बसली की हा गृहस्थ शेजारच्या फांदीवर दुसरे घरटे विणायला घेतो, दुसरीसाठी. अंडी उबवायचे काम तिचे एकटीचे. बहुपत्नीत्वाचा विषय निघाला की स्टाफरूममधल्या सगळ्या नजरा आम्हा दोघींकडे वळत, ते आठवून आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसून पोट धरधरून हसलो.

पण आमच्या मनात दुसरेच सलत होते. बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्याची कविता आम्ही किती वर्षे शिकवली! घरटे विणणाऱ्या कलेला मराठीने नाव दिले 'सुगरण', बाईचे नाव. विणतो मात्र तो. तिचे काम पारखण्याचे, पसंत-नापसंत ठरवण्याचे. हे वर्गात एकदाही सांगितले नाही. माहीत असून सुचले नाही.

बाई बराच वेळ वर पाहत होत्या. म्हणाल्या, "आत जाऊन बघते म्हणता? आणि आवडलं नाही तर?"

"तर जाते."

"आणि तो?"

"तो ओरडत बसतो."

त्या काही बोलल्या नाहीत. मगरीबची वेळ होत आली होती. व्हरांड्यात मुसल्ला अंथरला. इकडे किब्ला विचारावा लागत नाही, समुद्राकडे तोंड केले की झाले. नमाज संपल्यावर बाईंनी पर्स उघडली आणि घडी केलेला एक कागद आमच्या हातात दिला. तेव्हा कळले, बोटीत छातीशी काय धरले होते.

हक्कसोडपत्र होते. त्यांची इमारत पुनर्विकासाला जाणार. घर यजमानांच्या नावावर. दोन मुलगे, मुलगी नाही. थोरल्याने कागद तयार करून आणला होता, सोमवारी सही करायची. मुलगे वाईट नाहीत. आम्ही त्यांना अंगाखांद्यावर खेळवलेले आहे. थोरला म्हणाला होता, "अम्मी, शरियतप्रमाणे तुमचा आठवा हिस्सा. तेवढ्यासाठी कागद कशाला वाढवायचे? तुम्ही राहणार तर आमच्याकडेच." आमच्याकडेच म्हणजे सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे.

आठवा हिस्सा, हे खरेच. मुले असतील तर विधवेला आठवा, सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. पण त्याच ठिकाणी हेही स्पष्ट आहे, की वाटणी होते ती वसियत आणि कर्ज वजा केल्यावर. आणि न दिलेला मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्जच. आठवा हिस्सा सगळ्यांच्या तोंडपाठ असतो. त्याच्या आधीचे वजाबाकीचे वाक्य कुणाला आठवत नाही.

आम्ही मेहरचे विचारले. बाई अंधारात समुद्राकडे बघत म्हणाल्या, "तो तर त्याच दिवशी गेला. मय्यत उठायच्या आधी बायका भोवती बसल्या. मेहर माफ करा, मय्यतीवर ओझं राहील. मी म्हटलं, केला. त्या वेळी कोण नाही म्हणतं?" आमच्या सासूबाईंनाही असेच विचारलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा आम्हीही त्या बायकांत बसलो होतो आणि गप्प होतो.

"आणि घराचे हप्ते?" आम्ही विचारले. कारण आम्हांला माहीत होते. आम्हा दोघींच्या पगारातून एकाच तारखेला पतपेढीचे कर्ज कापले जाई. आमचे कर्ज लेकीच्या शिक्षणाचे, त्यांचे घराचे. पंधरा वर्षे. निम्मे हप्ते त्यांनी भरले, निम्मे यजमानांनी.

बाईंनी उशाजवळचे रिसॉर्टचे चिठ्ठ्यांचे पॅड ओढले, त्यावरची पेन्सिल घेतली. सत्तावीस वर्षे पाचवी-सहावीला अपूर्णांक शिकवलेला हात. तोंडाने पुटपुटत लिहू लागल्या, "निम्मं घर माझं. ते वाटणीत येतच नाही. एक छेद दोन. उरलेलं निम्मं त्यांचं, त्याचा आठवा माझा. एक छेद सोळा. आता छेद सारखे करा. आठ छेद सोळा अधिक एक छेद सोळा." त्या थांबल्या. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "नऊ छेद सोळा. बाई, निम्म्याच्या वर आहे हे."

आम्ही म्हटले, करारनाम्यावर तुमचे नाव नाही, हे वकील आधी सांगेल. त्या म्हणाल्या, "ते ठाऊक आहे. गणित बरोबर आहे की नाही, एवढंच बघत होते."

रात्री पाऊस कोसळला. बाईंनी दुसऱ्या दिवसापर्यंत तो विषय काढला नाही, आम्हीही नाही. कौलांवरचा आवाज ऐकत त्या आजोळच्या गोष्टी सांगत राहिल्या. कोणत्या नारळाचे खोबरे सांदणाला चालते, इथपर्यंत.

रविवारी फजरनंतर तलावावर कुणीच नव्हते. सलवारी गुडघ्यापर्यंत दुमडून आम्ही दोघी काठावर बसलो आणि पाय पाण्यात सोडले. पाणी कोमट होते. एक बेडूक आधीपासूनच पोहत होता. साठीपुढच्या दोन शिक्षिका पाय हलवून पाणी उडवताहेत, हे एखाद्या विद्यार्थिनीने पाहिले असते तर तिचा विश्वास बसला नसता. व्यवस्थापक चहा घेऊन आला, हसला आणि न बोलता ट्रे ठेवून गेला. सरबराई म्हणतात ती हीच असावी. न्याहारीला ताईने घावन केले. बाई एकदाही उठल्या नाहीत. निघताना मात्र तिच्या घावनाचे पीठ किती वेळ भिजवले, हे विचारून घेतले.

परतीच्या बोटीत पर्स बाजूच्या खुर्चीवर होती. 'नऊ छेद सोळा'ची चिठ्ठी त्या कागदातच घडी करून ठेवलेली. बाई कठड्याशी उभ्या राहून मुंबईच्या इमारती बघत होत्या. सही करणार का, असे आम्ही विचारले नाही. ते विचारणे आमचे काम नव्हते.

सोमवार तसाच गेला. मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. पतपेढीची जुनी पासबुके माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, मुलांना सांगायचे नाही, आणि शिडी धरायला कुणी नाही, येता का?