मशिदीवरचा सन

एम.ए.ला इतिहास घेतला तेव्हा जाफराबादेत दोन माणसांनी मला दोन कामं सांगितली. पहिले आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा. जुम्म्याच्या नमाजनंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तवारीख पढ रहा ना बेटा? अब आलमगीर के बारे में सच लिखना." दुसरे स्टँडजवळच्या हॉटेलात बसणारे एक काका, अब्बांचे जुने दोस्त. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "बरं झालं. आता तुमच्या औरंगजेबाचं खरं काय ते तूच सांग." दोघांनाही खरं पाहिजे होतं. खरं काय ते मात्र दोघांनाही आधीच माहीत होतं. त्यांना हवा होता वकील. मी दोघांनाही 'हो' म्हणालो आणि औरंगाबादची एसटी धरली.

'तुमच्या' हा शब्द मात्र भोकरदन येईपर्यंत डोक्यात राहिला.

भोकरदनला गाडी थांबली की आम्ही भजी खायला उतरायचो, तेवढीच त्या गावाची आम्हाला ओळख. विद्यापीठात गेल्यावर कळलं की १९७३ साली मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी मिळून तिथं उत्खनन केलं होतं. ते प्राचीन भोगवर्धन. तिथं हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती पार इटलीतल्या पॉम्पेईला मिळालेली आहे. तसंच असईचं. २३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं ते आमच्याच केळणा नदीकाठी. वाटाड्यांनी सांगितलं, इथं उतार नाही. पण समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली तेव्हा त्याने ओळखलं, मधे उतार असणारच. हे वाचून मी लायब्ररीत एकटाच हसलो. आमच्याकडच्या कुठल्याही शेळ्या राखणाऱ्या पोराने हे सांगितलं असतं.

पण मला सांगायचंय ते मशिदीबद्दल.

जाफराबादच्या मुख्य मशिदीवर फार्सी शिलालेख आहे. औरंगजेबाच्या हुकमाने ती बांधल्याची नोंद त्यात आहे, सन हिजरी १०७६. लहानपणापासून त्या दगडाखालून ये-जा केली. अक्षरं ओळखीची होती, कारण सकाळी मकतबात अरबी शिकलो होतो. अर्थ काहीच कळत नव्हता, कारण दहा वाजता आम्ही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत असायचो. माझ्या पिढीतल्या किती तरी मराठी मुसलमानांची ही गोष्ट आहे. कुराण वाचता येतं, समजत नाही. मराठी समजते, पण आजोबांचे कागद त्या भाषेत नाहीत. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले. त्यांच्या पेटीतला खरेदीखताचा कागद मला पंचविसाव्या वर्षापर्यंत फक्त नक्षीसारखा दिसत होता.

तर तो सन. जिल्ह्याच्या वर्णनात मी वाचलं, हिजरी १०७६, म्हणजे इसवी सन १६६४. मी तसंच उतरवून घेतलं. पुढे कालगणना शिकताना सहज करून बघितलं. हिजरी सनातून शेकडा तीन वजा करायचे, ६२२ मिळवायचे. १०७६ मधून बत्तीस गेले, राहिले १०४४, त्यात ६२२. आले १६६६. तक्ता उघडला, तर १०७६ हे वर्ष जुलै १६६५ ला सुरू होऊन जुलै १६६६ च्या सुरुवातीला संपतं. १६६४ त्यात कुठंच बसत नाही.

खरं तर हे मला न शिकवताही कळायला हवं होतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो, कधी थंडीत येतो कधी मे महिन्यात, हे आमच्या घरातल्या पोराला चालायला लागल्यापासून माहीत असतं. चंद्राचं वर्ष आखूड, म्हणून वजाबाकी. घरातलं हे ज्ञान अभ्यासाला लागू पडतं असं कधी वाटलंच नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्याच्या दरबारात उभे होते. मशिदीचा सन १६६४ धरला तर ती सुरतेच्या धक्क्यानंतरची ठरते, आणि १०७६ नीट मोजला तर पुरंदर ते आग्रा या काळातली. सन चुकला की त्यावर रचलेली सगळी गोष्ट चुकते. चाचांची आणि काकांचीही.

मग मी फार्सीला हात घातला. एका मौलवीसाहेबांकडे आमदनामा घेऊन बसलो, मिशी फुटलेला विद्यार्थी, शेजारी दहा-बारा वर्षांची पोरं. तेव्हा समजलं की ही भाषा 'आमची' असण्याचा मला काही हक्क नव्हता. दख्खनच्या मोगल काळावर फार्सीत आठवणी लिहिणारा भीमसेन सक्सेना कायस्थ होता. त्याला मराठीत आणणारे सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे, निजामाच्या राज्यात अधिकारी राहिलेले. मी जाफराबादचा मुसलमान, आणि माझ्या गावच्या मशिदीचा काळ समजायला मला पगड्यांच्या पुस्तकांचा आधार घ्यावा लागत होता. शरम वाटली, आणि बरंही वाटलं.

सुट्टीत गावी आलो. असरनंतर चाचांना शिलालेख वाचून दाखवला, सनाचा हिशोब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "वो सब ठीक है. मगर आलमगीर के बारे में क्या लिखा?" मी म्हटलं, "अभी तो एक सन ठीक किया चाचा." ते नाराज झाले. थोडे दिवस सलामाला नुसती मान हलवायचे.

काकांना बहुधा कुणीतरी सांगितलं असावं की हा जुनं वाचतो. एका संध्याकाळी ते घरी आले, हातात प्लास्टिकची पिशवी. आत घडीवर फाटलेला कागद, उर्दूतला, निजामाच्या वेळचा. म्हणाले, "वावराचा आहे म्हणतात. आमच्यात कुणाला येत नाही." औरंगजेबाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. अम्मीने चहा टाकला.

सन होता १३४० फसली. फसलीचा हिशोब वेगळा, त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९३०-३१. सर्वे नंबर लागला, बांधाच्या दिशा लागल्या. मग एक नाव आलं, त्याच्या बापाचं नाव आलं, आणि काका एकदम म्हणाले, "हा आमचा पणजा." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, त्या नावावर बोट ठेवलं. बोट दुसऱ्याच शब्दावर होतं. मी ते उचलून नीट जागेवर ठेवलं.

खाली दोन शब्द घाईच्या, मोडक्या अक्षरात होते. ते मला लागले नाहीत. त्यांचा फोटो काढून ठेवलाय, मौलवीसाहेबांना दाखवायचाय.