एका बाटलीचा ठपका

परळची हाफकिन संस्था कोणा मुंबईकराला ठाऊक नाही? पण ज्यांचे नाव तिला लाभले, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी सोसलेला मनस्ताप फारसा कुणाला माहीत नसतो.

ओडेसात जन्मलेले हाफकिन हाडाचे प्राणिशास्त्रज्ञ. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी संशोधन आरंभले. प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि त्यांचीच लस करायची, अशी त्यांची पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. पाठोपाठ भायखळा तुरुंगातले कैदी पुढे आले.

आणि १९०२ साली घात झाला. पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. वास्तविक ती सारी लस एकाच बाटलीतली होती. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. पण हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना जाहीरपणे त्यांची बाजू घ्यावी लागली.

हाफकिन पुन्हा कलकत्त्यात कामावर रुजू झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते मात्र १९२५ साली. स्वतःच्या दंडात सुई खुपसायला धैर्य लागतेच; पण न केलेल्या चुकीचे ओझे पाच वर्षे वाहायला त्याहून मोठे धैर्य लागते.