राहिलेला कोपरा

दीपावली जवळ आली, की व्यापारी घरांत दोन प्रकारची आवराआवर सुरू होते. एक घराची आणि दुसरी हिशेबाची. सरकारी आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, विवरणपत्रे त्यानुसारच भरली जातात आणि संगणकावरील खातीही त्याच दिवशी बंद होतात. तरीही पाटावर मांडलेल्या कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटल्याखेरीज वर्ष बदलले, असे जुन्या पेढ्यांना वाटत नाही. गोदामातील शिल्लक माल मोजला जातो, उधारीच्या याद्या निघतात, कोणाचे येणे बुडाल्यात जमा धरायचे यावर वडीलधारे आणि तरुण यांच्यात हलकीशी खडाजंगीही होते.

धाराशिवच्या एका आडत व्यापाऱ्याच्या घरात या दिवसांत आणखी एक वही कपाटातून बाहेर येते. ती आहे त्या घरातील ज्येष्ठ गृहिणीची. त्यांचे वय ६६. वही साधी, शंभर पानी. तिच्यात हाताने आखलेले पाच रकाने आहेत : वस्तू, कोणासाठी, आरंभ, समाप्ती आणि शेवटचा 'सुपूर्द'. किमतीचा रकाना नाही. दुकानाच्या वहीत जिन्नस आणि किंमत शेजारी-शेजारी नसतील तर ती वहीच नव्हे. परंतु या वहीला तो नियम लागू करावा असे गेल्या तीस वर्षांत त्यांना कधी वाटलेले नाही.

वहीतील बहुतेक वस्तू भरतकामाच्या आहेत, आणि त्यांतही फुलीच्या टाक्याच्या. आता सर्वजण त्याला क्रॉस स्टिच म्हणतात. एक तिरका टाका, त्यावर उलट दिशेने दुसरा, झाली एक फुली. अशा हजारो फुल्या शेजारी-शेजारी बसल्या की कमळ, मोर, कलश दिसू लागतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचक भगिनींना मॅटीचे कापड आठवत असेल. त्याची वीण चौकडीची, म्हणून कापडावर नक्षी छापावी लागत नाही. कागदावरील चौकोन मोजायचे आणि कापडावरील घरे मोजायची. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील कसूतीही अशीच धागे मोजून भरतात. तिच्या चार टाक्यांपैकी 'मेंथी' हा फुलीचाच टाका. मेथीच्या दाण्यावरून त्याला हे नाव पडले. या गृहिणींच्या आईच्या इरकली लुगड्याच्या पदरावर ती नक्षी होती आणि भूमच्या माहेरी दोघी बहिणींनी पहिली फुली त्या पदराकडे पाहूनच शिकली.

त्या काळी या कामाचे मुक्कामाचे ठिकाण म्हणजे रुखवत. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, पंख्यांच्या झालरी, काचेच्या चौकटीतील पोपटांची जोडी, 'सुस्वागतम्'. वरपक्षाच्या बायका फिरून पाहत, कापड उलटे करून मागची बाजूही पाहत, कारण मुलीच्या हाताची नीटसता मागे कळते. आज रुखवत तयार विकत मिळते, भाड्यानेही मिळते. त्यात वाईट काही नाही. मुली शिकतात, नोकऱ्या करतात, त्यांनी कोणत्या वेळी फुल्या मोजाव्यात? मात्र विकतच्या रुखवताची मागची बाजू कोणी पाहत नाही, हेही खरे.

वीर निर्वाण संवत २५५१ च्या पानावर यंदा नऊ नोंदी आहेत. त्यांपैकी सहा पूर्ण. श्रुतपंचमीसाठी मंदिरातील शास्त्रांना दोन वेष्टने, कोपऱ्यात छोटे स्वस्तिक भरलेली. त्या रेशमी दोरा कधीच वापरत नाहीत, कारण तो कोशातील जीव मारून मिळतो. सहा पदरी सुती लडी घ्यायची आणि तिचे दोन-दोन पदर सोडवून ओवायचे, ही त्यांची पद्धत. पुतण्याच्या बाळासाठी एक दुपटे झाले. दारावरचे एक तोरण झाले. सुनेसाठी एक टेबलपट्टी झाली; ती अजून घडी न मोडता कपाटात आहे, आणि हे त्यांना ठाऊक आहे. आषाढात उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्याने दीड महिना सुई हातात घेता आली नाही. डावा डोळा अजून व्हायचा आहे. सुईच्या नेढ्यात दोरा ओवण्यासाठी आता नातवाला हाक मारावी लागते. एका पानावर नऊ नोंदी येण्याचे हे बहुधा शेवटचे वर्ष, असे त्या सहजपणे म्हणतात.

सहावी पूर्ण वस्तू म्हणजे लातूरच्या भाच्याच्या नव्या घरासाठी भरलेले कमळांचे सरोवर. नातू सनदी लेखापालाच्या परीक्षेचा अभ्यास करतो. त्याने एका दुपारी त्या चौकटीचा हिशेबच मांडला. कापड इंचाला १४ घरांचे. चित्र १० इंच बाय ८ इंच, म्हणजे १४० गुणिले ११२, एकूण १५,६८० फुल्या. आजीचा वेग तासाला १२० धरला तर १३० तासांहून अधिक. तासाला केवळ ५० रुपये मजुरी लावली तरी साडेसहा हजार, शिवाय कापड, दोरे आणि चौकट यांचे नऊशे.

"आजी, बाजारात याचे कोणी दोन हजारसुद्धा देणार नाही. नियमाप्रमाणे खर्च आणि बाजारात मिळणारी रक्कम, यांतली कमी असेल तीच धरायची. म्हणजे प्रत्येक चौकटीमागे तुझा साडेपाच हजारांचा तोटा!"

"अरे, विकायला काढली तर तोटा ना?" एवढेच त्या बोलल्या आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंना चहा द्यायला उठल्या.

नातवाचे गणित बिनचूक होते. शिल्लक मालाचे मूल्यांकन असेच सावधपणे केले पाहिजे. ज्या पेढ्यांनी गोदामातील तूर स्वप्नातल्या भावाने धरली त्या पुढे अडचणीत आल्या. प्रश्न एवढाच, की ही चौकट मुळात शिल्लक माल आहे काय?

आपल्या जिल्ह्याला कापडाच्या व्यापाराचा इतिहास जुना आहे. धाराशिवजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगराहून गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या साध्या कापडाचा आणि मलमलीचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांनंतर आपल्याला त्या मालाचे प्रकार माहीत आहेत, बाजारपेठ माहीत आहे, रस्ता माहीत आहे. विणणाऱ्या एकाचेही नाव माहीत नाही. विक्रीच्या मालाचे असेच होते, आणि त्यात कोणाचा दोष नाही. याउलट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९८ सालचा भरतकामाचा एक नमुना आहे. तारीख भरलेला त्याहून जुना इंग्रजी नमुना ज्ञात नाही. त्यावर जेन बोस्टॉक हे भरणारीचे नाव आहे आणि अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माचा वार, तारीख व १५९६ हे वर्षही टाक्यांनीच नोंदवले आहे. ज्या मुलीची आठवण म्हणून ते कापड भरले, ती त्या वेळी जेमतेम दोन वर्षांची असेल. चारशेहून अधिक वर्षे दोन नावे एका कापडावर एकत्र राहिली आहेत.

यंदाच्या पानावरील सातवी नोंद मात्र वेगळ्या जातीची आहे.

२०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या उत्तरार्धात भूम आणि परंडा तालुक्यांत अतिवृष्टी झाली. ओढे-नद्यांना पूर आले, उभे सोयाबीन पाण्यात गेले. आडतीवरील आवक किती घटेल याची चिंता घरात सुरू असतानाच भूमचे माहेरचे माळवद गळू लागल्याचा निरोप आला. भावाने सामान हलवले आणि एक लोखंडी ट्रंक बहिणीकडे धाराशिवला आणून ठेवली. तिच्या तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धाकट्या बहिणीचा टेबलक्लॉथ होता.

तो १९७९ साली रुखवतासाठी सुरू झाला होता. चार कोपऱ्यांत चार गुच्छ, लाल फुले आणि हिरवी पाने. तीन कोपरे भरून झाले. मग लग्नाची तिथी अलीकडे आली आणि चौथा कोपरा 'नंतर करू' म्हणून राहिला. बार्शीच्या सासरी गेलेल्या बहिणीला नंतर सवड मिळाली नाही. १९८५ मध्ये अल्प आजाराने ती गेली. मागे तीन वर्षांची मुलगी राहिली. चौथ्या कोपऱ्यात सुई अजून टोचलेलीच होती. गंजून तिचा तपकिरी डाग कापडावर उतरला होता.

भाऊ म्हणाला, "अक्का, त्याला हात लावू नको. तिनं जिथं सोडलं तिथंच राहू दे."

त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. भावाच्या म्हणण्यात तथ्य होते. कोपरा पूर्ण केला की बहिणीचा शेवटचा टाका कोणता, हे इतर टाक्यांत हरवून जाणार. दुसरी गोष्ट त्यांनी कोणाजवळ उच्चारली नाही, पण घरातल्यांना ती समजत होती : बहिणीच्या हातची हीच एक वस्तू त्यांच्याजवळ उरली होती, आणि पूर्ण झाली तर तिच्यावर हक्क भाचीचा होता. अपुरी राहिली तर ती ट्रंकेतच राहणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गच्चीच्या दारात, उन्हाच्या तिरिपेत, कापड पसरले.

पहिली अडचण अनपेक्षित होती. फुलीच्या टाक्याचा एक अलिखित नियम आहे : वरचा तिरका टाका सर्वत्र एकाच दिशेला झुकला पाहिजे, नाहीतर उजेड दोन तऱ्हांनी परावर्तित होतो आणि कापडावर ठिगळ लावल्यासारखे दिसते. त्यांच्या फुल्यांचा वरचा टाका उजवीकडे झुकतो. कापडावरच्या तिन्ही गुच्छांत तो डावीकडे झुकलेला होता. धाकटी बहीण डावखुरी होती. जेवताना तिला उजव्या हाताची सक्ती होत असे, पण सुई मात्र ती डाव्याच हातात धरी आणि आई त्याकडे काणाडोळा करी. चाळीस वर्षांत हा तपशील घरातील सर्वजण विसरले होते.

त्यांनी प्रथम आपला हात उलटा चालवून पाहिला. जमेना, साठ वर्षांची सवय दर चौथ्या फुलीला आडवी येई आणि उसवावे लागे. मग त्यांना युक्ती सुचली. कापडच पाव वळण फिरवून आडवे धरले, तर आपल्या सवयीने घातलेली फुली कापड सरळ केल्यावर बहिणीच्या फुलीसारखी दिसते. मात्र त्यासाठी नक्षीही आडवी वाचावी लागते. मूळ कागद नव्हताच. पुऱ्या झालेल्या कोपऱ्यावरून त्यांनी चौकोनी कागदावर नवा उतारा काढला. सुमारे २,२०० फुल्या राहिल्या होत्या. एका डोळ्याच्या भरवशावर तासाला शंभरच्या आसपास, रोज सकाळी दीड तास.

ट्रंकेत लाल दोऱ्याची अर्धी लडी सापडली होती. वरचे पदर विटले होते, आतला रंग शाबूत होता. तो फुलांच्या मध्याला पुरला. बाकीचा लाल नव्याने आणला, तो किंचित उजळ आहे. वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग उतरत नाही ना, हे पाहिले. गंजाचा डाग लिंबू-मिठाने काढता आला असता. तो त्यांनी काढला नाही. डागाच्या अलीकडचे बहिणीचे, पलीकडचे आपले, एवढी खूण त्यांनी राहू दिली.

काम धनत्रयोदशीच्या आधी दोन दिवस संपले. समाप्तीचा रकाना भरला गेला. सुपूर्दचा कोराच.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची जी व्याख्या आहे, तिच्यात वस्तूवरील आपलेपण सोडण्याला महत्त्व दिले आहे. व्यापाऱ्याला ही कल्पना परकी नाही. मालाची मालकी गेली की त्याची जोखीमही घेणाऱ्याकडे जाते, हे विक्रीचा कायदाही सांगतो. भेट देणारे पुष्कळजण वस्तू देतात आणि मालकी स्वतःजवळ ठेवतात : लावली का, वापरली का, कपाटात का ठेवली? सुनेच्या टेबलपट्टीबाबत त्यांनी हे प्रश्न कधी विचारले नाहीत. या टेबलक्लॉथबाबत मात्र त्यांचा निश्चय डळमळत होता. भाऊबीजेच्या आदल्या रात्री त्यांनी त्याची घडी दोनदा कपाटात ठेवली आणि दोनदा बाहेर काढली, असे नातू सांगतो.

भाची पुण्याहून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आली. आता ती ४३ वर्षांची आहे. आईचा चेहरा तिला फोटोतूनच माहीत. तिने कापड उलगडले, पाहिले, आणि जुन्या काळच्या वरपक्षाच्या बायकांसारखे उलटे केले. मागची बाजू दोन प्रकारची होती. मावशीची नीट, दोऱ्यांची टोके आत दडवलेली. आईची गाठींची, लांब उड्यांची, घाईची.

"मावशी, आई इतकी धांदरट होती?"

"फार," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या दोघी मागच्या बाजूवरच बोलत राहिल्या. भाचीने बोटाने एकेक गाठ चाचपली. निघताना कापड तिने पिशवीत घालून नेले. मावशींनी वहीत तारीख घातली.

आठ दिवसांनी भाचीचा फोन आला. टेबलक्लॉथ तिने चौकटीत घातला नव्हता, जेवणाच्या टेबलावर पसरला होता, आणि मुलाने त्यावर वरणाची वाटी उपडी केली होती. हळद पडली होती, तीही पहिल्या कोपऱ्याजवळ. ती रडवेली झाली होती. मावशींनी विचारले, साबण लावलास का? लावलास तर डाग आधी लाल होईल, घाबरू नकोस. थंड पाण्याने धू, चोळू नकोस. हळद उन्हात उडते, पण दोऱ्याचा रंगही उन्हातच विटतो. तेव्हा डाग तेवढाच उन्हात ठेव आणि फुलांवर ओला पंचा टाक.